इरा निरोप पोचवत नाही

अल खौद, मस्कत
६ फेब्रुवारी २०२६

ती. किशोरीवन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र पुण्याला निघालेल्या झुबेरभाईंच्या हाती देतेय. तुमच्या भावाने इराला अकरावीला तुमच्याकडे ठेवायचं परस्पर ठरवलं. मी अबोला धरलाय. ते गुरुवारी सोहारच्या कारखान्यातून घरी येतात आणि सुट्टीभर इरा आमचे निरोप नेते. बाबांना सांग, पानं वाढलीत. आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे.

काल शाळेत फ्रेंचच्या नूरबानू मॅडमनी पालकांनाही बोलावून एक जुना फ्रेंच सिनेमा दाखवला. भांडलेल्या नवराबायकोच्या चिठ्ठ्या पोचवत एक पोरगा गावभर पळतो. आम्ही इराच्या दोन बाजूंना बसलो होतो. ती मधेच उठली आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. तेव्हापासून निरोप बंद. म्हणते, खलास, आता स्वतः बोला.

माझी पोर मला सोडून राहायची नाही, हे मी छातीठोक सांगते. तुम्ही भावाला तसं कळवा. भांडण त्यांच्याशी आहे, तुमचा लोभ तेवढा राहू द्या.

तुमची,
विद्या

पुणे
१४ फेब्रुवारी

चि. सौ. विद्या हिस,
अनेक आशीर्वाद.

इराने नोकरी सोडली म्हणून तिच्या जागी मला नेमतेस होय? साठी उलटली माझी, मला नाही जमायचं. गुरुदत्तचाही फोन आला होता, विद्याला समजाव म्हणून. त्यालाही झाडला.

तोही छातीठोक, तूही छातीठोक. पोरीला काय हवंय, हे दोघांपैकी एकानेही कळवलं नाही. तिला समोर बसवून विचारा. आणि ती बोलेपर्यंत तोंड मिटून बसा, ते तुम्हाला जमतंच.

माया आहे म्हणून बोलते, राग धरू नकोस.

तुझी नणंद,
किशोरी

अल खौद
२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
शि. सा. न. (हे आईने लिहायला सांगितलं.)

स्पेलिंग चुकलं तर सॉरी. काल आईबाबांनी मला समोर बसवून विचारलं. मी खूप वेळ बोललेच नाही. ते पण थांबले. मग मी सांगितलं की मला पुण्याला यायचंय. आधीपासूनच यायचं होतं. पण मी रोज यांचंच यांना सांगत होते, माझं कधी सांगणार?

आई रडली. बाबा जिंकले, तरी हसले नाहीत. मग आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, अहो, ही खरंच जाणार हो आपल्याला सोडून. मी तिथेच बसले होते, पण तिने मला काही सांगायला लावलं नाही. बाबांनी तिचा हात धरला.

प्रेम आहे तेवढं ठेव, बाकीचं मी आल्यावर.

तुझी,
इरा