मेंढरांची सुई आणि अक्काचा ताप

अक्के,

आज ढोरांचा डॉक्टर वस्तीवर आला होता, मेंढरांना पावसाळ्याआधीची सुई टोचायला. तुझी तीनच मेंढरं उरलीत, ती मीच धरली. तिथंच रडू फुटलं गं! डॉक्टर म्हणाला, "लाथ बसली का?" व्हय म्हणालो. घरी आलो अन् लिहायला बसलो.

चांगल्या धडधाकट मेंढराला तू दरसाल सुई द्यायचीस. "लागण झाल्यावर काय कातड्याला टोचता?" असं सगळ्या वस्तीला सुनवायचीस. मग स्वतःच्या वेळी काय झालं होतं तुला?

औरंगाबादेत कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. केमोनं गाठ जळते, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात. मग साधं इन्फेक्शनसुद्धा झेपत नाही. म्हणून पेशी वाढवायच्या सुया आधीच घ्या. महाग आहेत, पण नंतरचा खर्च त्याहून भारी. मी म्हणालो, दोन मेंढ्या विकू. तू उसळलीस, "ताप नाय, काय नाय, अन् सुया कशाला? मेंढ्या माझ्या मंगलच्या लग्नाला लागतील!"

ताप आलाच. विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एसटी नाही, रस्त्यावर दगडफेक. मी चिकलठाण्याच्या कंपनीतून पायीच घरी आलो. तू चुलीपुढं घोंगडी पांघरून बसलेली. "थंडी लई पडलीय रे." मी खरं मानलं! ताप आल्याबरोबर या, असं बाईंनी तुलाच बजावलं होतं ना? मी रात्रीचा बाहेर पडेन अन् दगड खाईन, म्हणून गप्प बसलीस. अगं, खाल्ला असता की एखादा!

दवाखान्यात नेलं तेव्हा तू बरळत होतीस. औषधं, रक्त, वेगळी खोली. तीन मेंढरं सोडून सगळा कळप बाजारात गेला, तरी तू गेलीसच. दोन मेंढ्या वाचवल्यास अक्के! बाई म्हणाल्या, गाठ तर विरत आली होती. त्यानंतर मला कुणाचं तोंड बघवेना.

मंगल माझ्याकडंच आहे. परवा तिचं अंग तापलं होतं, तर म्हणते, "काय नाय मामा, चुलीची धग लागली." तुझीच लेक!

आता मी तिला विचारत बसणार नाही. रोज कामावरून आलो की आधी तिच्या कपाळाला हात लावणार. तुझ्या कपाळाला लावला, तो ते गार पडल्यावर.

तुझा धाकटा,
दत्तू