रावसाची गाभोळी

अम्मा,

तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं होत आली. कुसगावच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे कुणासाठी लिहितोस असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. समुद्रातल्या माशांवर मी आजवर पुष्कळ लिहिलं, पण ते सगळं खात्यासाठी, इंग्रजीत. तुला एक ओळही लिहिली नाही. मुंबईला शिकायला होतो तेव्हाही नाही, कारण गाडीनं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तरी निरोप पाठवला की भागत असे.

सकाळच्या गाडीनं मुंबईहून पाट्या यायच्या. वर गोणपाट, खाली भुसा आणि बर्फ, त्याखाली मासे. तेव्हा घाटात मागून वाफेचंच दुसरं इंजिन लावत, आतासारखी वीज नव्हती. गाडी लोणावळ्याला लागेपर्यंत निम्म्या बर्फाचं पाणी होऊन ते डब्याच्या दारातून ठिबकत असे. अब्बा तापानं गेले आणि लोणावळ्याच्या बाजारातली त्यांची जागा तू चालवायला घेतलीस. बंगल्यांवरचे खानसामे तुझ्याकडेच येत. तू समुद्र कधी पाहिला नव्हतास, पण मासा हातात घेतला की त्याच्या पोटात काय निघेल ते सुरी लावण्याआधी सांगायचीस. मी तुझ्या बाजूला बसून ती पोटं उकलायचो आणि आत सापडेल ते फरशीवर ओळीनं मांडायचो. अर्धवट पचलेली कोळंबी, बारके मासे, एकदा खेकड्याची नांगी. एक खानसामा ताटकळत उभा होता आणि मी आपला मांडतच होतो, त्या दिवशी तू माझ्या हातातला मासा ओढून घेतलास. म्हणालीस, "लोकं जेवायची थांबल्यात, अन् तू माशानं काय खाल्लं ते बघत बसलास." दुसऱ्या दिवशी मात्र एक बारीक पात्याची सुरी माझ्यापुढे ठेवलीस. मुठीला सुतळी गुंडाळलेली. उकरायचंच तर नीट उकर, अंड्यांची गाभोळी फुटू देऊ नकोस, एवढंच सांगितलंस.

कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षी आमचे प्राध्यापक म्हणाले की सरकारी खात्याची एक बोट किनाऱ्यापासून लांब जाऊन जाळं ओढते आणि कुठल्या पाण्यात कोणता मासा आहे याची नोंद करते. त्यांना हाताखाली विद्यार्थी हवे होते. पगार नाही, दोन वेळचं जेवण आणि पाठ टेकायला जागा. मी नाव दिलं. सुट्टीत येऊन तुला सांगितलं तेव्हा तू खवले काढत होतीस. मासं तर रोज हितंच येत्यात, मग तू तिकडं कशापायी जातूस, असं तू विचारलंस. ते कुठून येतात ते बघायला, असं मी म्हणालो. मग मला पोहता येतं का ते विचारलंस. मी नाही म्हणालो. "मग जपून," म्हणालीस आणि पुढचा मासा उचललास.

पहिले दोन दिवस मी बोटीवर नुसता ओकत होतो. तिसऱ्या दिवशी उठलो. जाळं वर येतं, फळ्यांवर मासळीचा ढीग पडतो, आम्ही निवडतो, लांबी मोजतो, पोट उघडतो, गाभोळी किती भरली आहे ते बोटीवरच्या खात्याच्या साहेबांना सांगतो आणि ते लिहून घेतात. माझा हात इतरांपेक्षा भरभर चाले. पुढच्या खेपेला मला पुन्हा बोलावलं, त्याच्या पुढच्याही. साहेबांचं मत होतं की रावस फक्त पावसाळ्यात अंडी घालतो. नाताळच्या सुट्टीत मी हे तुला सहज सांगितलं, चुलीपाशी, तू भाकरी थापत असताना. तू थांबलीस.

"साहेबाला म्हनावं, थंडी सरताना बी बघ. रावसाला वर्सातनं दोनदा गाभोळी येती. पावसात खाडीचा माल येतो तवा एकदा, अन् आता म्हैन्याभरानं एकदा."

"तुला कसं ठाऊक?"

"इतकी वर्सं पोटं कोन फाडतंय?"

महिन्याभरानं आम्ही निघालो. जाळ्यात रावस आले आणि मी एकामागून एक उघडत गेलो. गाभोळ्या भरलेल्या होत्या. साहेब माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि हे तुला कसं सुचलं असं विचारू लागले. मी म्हणालो, अंदाज होता.

त्या अंदाजावर मला खात्यात नोकरी लागली. अहवाल छापून आला, त्यावर माझं नाव होतं. तो घेऊन मी बाजारात आलो. तू पदराला हात पुसलेस, तरी कागदाच्या कोऱ्या कडेलाच बोट लावलंस. हितं काय लिवलंय, म्हणालीस. रावसाचं, मी म्हणालो.

"दोनदा म्हनून लिवलंस न्हवं?"

"हो."

"मग झालं."

ते कुणी सांगितलं असं लिहिलंय, हे तू विचारलं नाहीस. तुला ते सुचलंच नसेल, असं मी धरून चाललो आहे. आता विद्यार्थी ते पाठ करतात, माझ्या नावानं. खात्याच्या प्रशिक्षण शाळेत मी त्यांना शिकवतो आणि घंटा झाली की वर्गातून बाहेर पडतो.

पुढच्या वर्षी थंडी सरतानाच आम्ही नऊ दिवस समुद्रात होतो. धक्क्याला लागलो तेव्हा कारकुनानं तार हातात दिली. ती चार दिवसांची शिळी होती. मी कुसगावला पोचलो तेव्हा तुझी माती कधीच झाली होती. छातीत कफ भरला होता, असं तुझी धाकटी बहीण, मावशी, सांगत होती. मी ऐकत होतो. तिनं पुढ्यात ठेवलं ते खाल्लं. लोक येऊन खांद्यावर हात ठेवून जात होते, पोराला सबर आहे म्हणत होते. सबर नव्हती. बर्फात फार वेळ हात राहिला की बोटं आपली वाटत नाहीत, तसं काहीतरी होतं. ते पुढं कधी गेलं, किंवा गेलं का, ते मला सांगता येत नाही.

मावशी म्हणाली, "चाळिसावा दिस होईस्तवर ऱ्हा. तुझ्याबिगर तिचं कोन हाय?" मी सांगितलं की बोट उद्या सकाळी सुटतेय, सरकारी काम आहे, गेलंच पाहिजे. तिनं भाकरी बांधून दिली. दुपारच्या गाडीनं मी मुंबईला गेलो.

हा कागद टपालात टाकायचा नाही. घडी करून पेटीत ठेवीन.

बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार नव्हती. तळ खरवडायला तिला पाण्याबाहेर ओढून घेणार होते, मला ते ठाऊक होतं. तीन आठवडे मी मुंबईला खोलीवरच होतो, अम्मा.