फळीचं दुसरं टोक

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वहिनीबद्दल विचारलंस. तिचं मोडलेलं पायाचं हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात, आता घरात हिंडायला काही हरकत नाही. पण ही खाटेवरून उठायचं नाव घेत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. काही बोलायला गेलो की म्हणते, माझ्यावाचून आता कुणाचं काय अडतंय? मग मी उठून मागच्या खोलीत, माझ्या लाकडांत जाऊन बसतो.

त्यातच आपली जुनी करवत गेली. मोटर जळाली, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. आता नवी टेबल-करवत घ्यायची. दुकानातून माहितीपत्रकं आणलीत, ती उशाशी घेऊन झोपतो. परवा स्वप्नात मी एक लांबच लांब फळी पात्यातून सरकवत होतो. भुसा अगदी सावकाश उडत होता, उन्हाने पिवळा झालेला. फळी संपतच नव्हती आणि तिचं पलीकडचं टोक कुठे गेलंय ते दिसत नव्हतं. तुला माहीतच आहे, पात्यातून बाहेर आलेली फळी तुझी वहिनी पलीकडून पेलायची, आणि नीट हातात आली की तळहाताने तिच्यावर दोन थापा मारायची. म्हणजे आली, आता सोडा. यंत्राच्या आवाजात त्या ऐकू कुठल्या येतात, पण लाकडातून माझ्या हाताला कळायच्या. त्या कळल्याशिवाय मी कधी फळी सोडली नाही. स्वप्नात मी त्यांचीच वाट बघत होतो. जाग आली तेव्हा हात पांघरुणावर तसेच धरलेले होते.

तू चिकित्सक आहेस. कुठली घेऊ ते कळव. तुझ्यावर माझा लोभ आहेच, तो लिहून काय सांगायचा.

दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

स्वप्नात करवत चालवतोस तोवर माझी काही तक्रार नाही. जागेपणी स्वप्नं बघत चालवतोस, त्याची मला धास्ती आहे. लहानपणी तुला दूध आणायला पाठवलं की रिकामं भांडं हलवत परत यायचास आणि ढगांत काय काय दिसलं ते सांगत बसायचास. आईने कपाळाला हात लावला तरी तुझी गोष्ट चालूच.

आमच्या शेजारच्या फर्निचरवाल्याला गाठून खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, बोटाचा नुसता स्पर्श झाला की पातं तिथल्या तिथे थांबतं, अशी करवत निघाली आहे. महाग आहे, पण तीच घ्या. आणि एकट्याने काम करणार असतील तर मागे लांब जोडटेबल हवंच. फळी आपली आपण त्यावर सरकत जाते, धरायला कुणी लागत नाही. तेव्हा हे दोन्ही मुकाट्याने घे. यंत्राचा रंग बघत बसू नकोस.

वहिनीला सांग, नणंद तिच्यावर रागावली आहे, तुझ्यावर नाही. आणि खरं सांगू का दादा, मला भीती वाटते. ती अशीच पडून राहिली तर पुढे उठायचं म्हटलं तरी पाय ऐकायचे नाहीत. तू नुसता मागच्या खोलीत जाऊन बसू नकोस रे.

आधी बोटं सांभाळ, मग लोभ.

चिमणी

२६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

करवत आली. तुझं निम्मं ऐकलं. स्पर्शाला थांबणारीच घेतली. जोडटेबल तिच्याबरोबरच आलं होतं, ते मात्र मी परत पाठवलं. ओरडू नकोस, कारण आहे. शिवाय करवतीची घोडी, म्हणजे खालचा सांगाडा, बुटकी करून घेतली, साधारण वहिनीच्या खुर्चीच्या हातांइतकी उंच. दुकानात सगळे हसले. म्हणाले, उभ्याने कसं काम करणार? म्हटलं, मीही बसूनच करीन, वय झालंच आहे.

करवत खिडकीसमोर मांडली आहे. इकडे माझं स्टूल, पलीकडे तिची खुर्ची. एक लांब फळीही काढून ठेवली आहे. पण यंत्र अजून सुरू केलेलं नाही. रोज सकाळी जातो, पुसतो, पात्यावरचा उजेड छतावर हलत असतो तो बघतो आणि परत येतो. तिला एकदाही चल म्हटलेलं नाही. नाही म्हणाली तर पुढे काय, ते मला ठाऊक नाही.

माझ्यावर रागाव, पण लोभ कापू नकोस.

दादा

४ मार्च

वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं आहे, अक्षर वाकडंतिकडं वाटलं तर चालवून घ्या.

दुकानाचा माणूस ते जोडटेबल परत न्यायला आला, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पडूनच होते. तो तुमच्या दादांना समजावत होता. म्हणत होता, साहेब, याच्यावर फळी आपोआप सरकते, एवढी सोय कशाला परत करता? तर हे म्हणाले, आमच्याकडे फळी धरायला माणूस आहे. माझं तोंड भिंतीकडे होतं ते बरंच झालं. डोळे भरून आले होते.

नंतर रोज हे करवत पुसायला जायचे, मी पडल्या पडल्या ऐकत असायची. आज मात्र वॉकर धरून उठले. मागच्या खोलीपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते विचारू नका, चिडवाल. खुर्चीत बसले. यांनी बटणाकडे नेलेला हात खाली घेतला, मांडीवर पुसला, मग बटण दाबलं.

भुसा उन्हात तरंगत माझ्या लुगड्यावर येऊन बसला. खोलीत कापलेल्या लाकडाचा वास भरला. वन्सं, त्या वासाला मी किती आसुसले होते, माझं मलाच माहीत नव्हतं. फळी हळूहळू सरकत माझ्या हातांत आली. मी पेलली. थापा मारायला हात उचलला आणि क्षणभर थांबले. तिकडे त्यांचे हात, इकडे माझे. मग दोन थापा मारल्या.

तरी यांनी सोडली नाही! फळी पूर्ण कापून झाली, पातं नुसतंच फिरतंय आणि हे आपले धरून बसलेत. शेवटी मीच ओरडून सांगितलं, अहो, ते बंद तरी करा.

फळी चांगलीच वाकडी कापली गेली आहे. तिचं फडताळ करणार म्हणतात. बघायला या, आणि लोभ असू द्या. दादांची काळजी करू नका. फळीचं दुसरं टोक मी धरलं आहे.

तुमची वहिनी