कान्हूचं शेवटचं

१२ जानेवारी २०१५

शिवा आज परत झोपेत ओरडला. शेजारचे दार वाजवून गेले. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं! कंपनीत आग लागली तेव्हा ह्याच्या जोडीला काम करणारा कान्हू आत अडकला होता, शिवा दाराच्या काचेतून बघत होता. दार उघडलं नाही. मला एवढंच माहीत. पुढचं सांगायला गेला की दात वाजायला लागतात.

१९ जानेवारी

पेणला नेलं, रामवाडीत मनाचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडे. गाडीत कुणीतरी काडी ओढली तर हा मधल्या निडी स्टेशनलाच उतरला. पुढच्या गाडीपर्यंत बाकावर बसून राहिलो.

डॉक्टर म्हणाले, आठवण डोक्यात फोटोसारखी पडून नसते. मेंदूच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथे नवी प्रथिनं बनून जोड पक्का होतो— तीच आठवण. परत आठवलं की तो जोड थोडा वेळ सैल पडतो, मग पुन्हा प्रथिनं बनून घट्ट होतो. तेवढ्यात भीतीला परत चिकटू द्यायचं नाही. म्हणून आधी गोळी, मग सगळं पहिल्यापासून सांगायचं. दर आठवड्याला. प्रत्येकाला गुण येतोच असं नाही, हेही म्हणाले.

हा कान्हूला विसरेल काय, मी विचारलं.

"विसरणार नाहीत. भीती तेवढी उतरेल."

२ फेब्रुवारी

सांगताना उलटी झाली. तरी सांगितलं.

२३ फेब्रुवारी

झोपला! मीच बाजूला बसून रडले.

९ मार्च

नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून हौसा आली— कान्हूची बायको. पूल ओलांडून, उन्हात, चालत. इतके दिवस तिने काही विचारलं नव्हतं. आज बसल्या बसल्या म्हणाली, "भावजी, माझ्या माणसाचं शेवटचं तुमीच बघितलंव. मना समदं सांगा."

शिवाने सांगितलं. कान्हू दार कसा ठोकत होता, हाताची कातडी काचेला कशी चिकटली, तिचं नाव कसं घेतलं. आवाज एकदाही हलला नाही. मध्येच चहात बिस्किट बुडवून खाल्लं.

हौसा त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमाला काय वाटत नाय?"

"नाय गो वयनी. आता नाय वाटत."

खोटं बोलला नाही तो. ती चहा तसाच ठेवून उठली. मी पुलापर्यंत मागे गेले, तिने वळून पाहिलं नाही.

१६ मार्च

शिवा कामावर रुजू झाला. पहिली शिफ्ट. डबा दिला. जेवतो, हसतो, झोपतो— हेच मागत होते ना मी? मग त्याच्या शेजारी बसवत का नाही?

३० मार्च

हौसा आली. गाल बसलेत. झोप नाही म्हणे. डोळे मिटले की ती काच दिसते, त्यावरचा हात दिसतो, जळका वाससुद्धा येतो.

ती तर तिथे नव्हतीच.

पेणच्या डॉक्टरांचा पत्ता मागितला. दिला.