व्हॉल्व्ह, डावा पाय आणि लेकीची टेस्ट

२ मार्च, रविवार, सकाळ
आजपासून लेकीला गाडी शिकवायची. सतरा तारखेला टेस्ट. लायसन्स मिळालं तरच नोकरी: फिजिओथेरपिस्ट, पेशंटच्या घरोघरी जायचं. बायको म्हणाली, ड्रायव्हिंग स्कूल लावू. म्हटलं, घरात मी असताना? म्हणाली, तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय. दुर्लक्ष केलं.
संकल्प: ओरडायचं नाही.

संध्याकाळ
ओरडलो नाही. आवाज वाढवला, ते वेगळं. लेक छान चालवते. तसं बोललो नाही, हुरळून जाईल.

५ मार्च
पार्सल आलं. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. बायकोला वाटलं कुकरचं काहीतरी. जेवताना समजावलं: आपल्या गाडीतला टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वाटेतलं झाकण बंद. दाबलेली हवा त्यावर आपटते, उलटी फिरते आणि टर्बोच्याच पात्यांवर आदळते. तिला बाजूने वाट करून देतो तो व्हॉल्व्ह. लेकीने विचारलं, मग आतापर्यंत ती कुठे जात होती? म्हटलं, कंपनीने बसवलेला व्हॉल्व्ह आहे, पण तो हवा गुपचूप आतल्या पाइपात परत पाठवतो. हा बाहेर सोडतो. बायको म्हणाली, फरक काय? म्हटलं, आवाज.
दोघी आपापली ताटं उचलून आत गेल्या. भारावल्या असाव्यात.

७ मार्च
स्वतः बसवला. दोन स्क्रू उरले. जास्तीचे देत असतील. माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरात आहे, की हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ती बाहेर सोडू नये. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, हवा मात्र निघून गेलेली, इंजिन गुदमरतं. आपल्या गाडीत सेन्सर आहे. पण असल्या सूचना भित्र्या लोकांसाठी असतात.
गल्लीत फेरी मारली. पाय काढला, फुस्स्स. काय आवाज आहे. शेजारच्या काकांनी टायर बघून घ्यायला सांगितलं. मध्ये एक गचका बसला. रस्ता खराब.

९ मार्च, रविवार
लेकीने चौकात गाडी बंद पाडली. मग सिग्नलला. मग वळणावर. पाय काढते, फुस्स, गाडी गप्प. निदान स्पष्ट: डावा पाय. क्लच उशिरा दाबते. मागच्या रविवारी असं नव्हतं, म्हणजे अतिआत्मविश्वास.

११ मार्च
स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून, पायाखाली उशी ठेवून क्लचचा सराव घेतला. बायको म्हणाली, उशी तरी बंद पडत नाही ना?

१३ मार्च
लेक म्हणाली, बाबा, माझ्याच पायात काहीतरी खोट आहे. लोकांचे पाय चालते करायचे म्हणे मी. हसली, पण नीट नाही.

१५ मार्च, शनिवार
लेकीने आईला सांगितलं, टेस्ट देत नाही, सोमवारी नोकरीलाही नकार कळवते. मी म्हणालो, सगळ्यांनाच जमतं असं नाही. बायको म्हणाली, सगळ्यांना शिकवता येतं असंही नाही.

१६ मार्च, सकाळ
एकटाच निघालो. चौकात बंद पडली. पेट्रोल कमी असेल. भरलं. सिग्नलला बंद. बूट नवे आहेत. काढले. वळणावर अनवाणी बंद पाडली. मागच्या टॅक्सीवाल्याने विचारलं, काका, शिकताय का?
गाडी कडेला घेऊन बसलो. माझ्या डाव्या पायात काही खोट नाही. तिच्याही नसावी, असं म्हणायला वाव आहे.

दुपार
जुना व्हॉल्व्ह परत बसवला. उरलेले स्क्रू लागले. लेकीला म्हटलं, चल, एक फेरी. नको म्हणाली. मग प्लीज म्हणालो. हा शब्द या घरात पहिल्यांदाच ऐकला, असं बायकोचं म्हणणं.
चौक, सिग्नल, वळण. गाडी लोण्यासारखी. म्हटलं, उशीचा सराव कामी आला. लेक रस्त्याकडे बघत राहिली.

१७ मार्च
पास. परीक्षक म्हणाले, पाय हलका आहे. येताना तीच चालवत होती, मी शेजारी. श्रेय कोणाचं, हा विषय मी काढलाच नाही. एवढंच म्हणालो, की शेवटी घरचा शिक्षक तो घरचा. ती म्हणाली, हो बाबा. सिग्नल लागला. तिने अलगद पाय उचलला, गाडी थांबवली आणि विचारलं, ते फुस्स होत नाही हल्ली?
हा सिग्नल फार वेळ लाल राहतो. पालिकेला कळवायला हवं.