सकाळची चूळ

मंगळवार, ता. ३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बॉयलरने तुमचे कान नेले, त्यामुळे फोनवर घसा फोडण्यापेक्षा पत्र बरं.

आनंदाची बातमी आधी. ज्या कारखान्यात तुम्ही तीस वर्षं फिटर होतात, तिथलं पाणीखातं आता तुमच्या लेकीकडे आहे आणि दोन महिन्यांत तिने एक तृतीयांश पाणी वाचवलं आहे. बाळांच्या फळगराच्या बाटल्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतल्या की ते पाणी थेट गटारात जायचं. आता मी ते साठवते आणि क्रेट अन् फरशा धुवायला देते. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा गेल्या दोन रविवारांपासून चांगल्या पाण्याचा दाबही निम्म्यावर आणला आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

आता दुसरी बातमी. कामाची पाळी सुरू होण्याआधी, गर शिजतो त्या कढईखान्याच्या नळाचं पाणी तोंडात घेऊन चूळ भरायची, ही तुमची सवय मी सोडलेली नाही. काल सोमवारी ते पाणी जिभेला बुळबुळीत लागलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दहा वाजता तपासलं, तोवर स्वच्छ. साहेब म्हणाले की कारखाना जिभेच्या चोचल्यांवर चालत नाही. आधीच्या सोमवारी मी रजेवर होते, त्यामुळे तेव्हाचं ठाऊक नाही. मी कामाला लागले आणि कढया पेटल्या. आज दोनदा चूळ भरली, पाणी साफ होतं, तरी भीती जात नाही.

शुक्रवारी ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवलेल्या सहा बाटल्या दादाच्या छकुलीला आवडल्या का? लांब राहते म्हणून माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
भिंगरी


शुक्रवार, ता. ६

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून छाती फुगली. तुझ्या आईच्या फोटोलाही वाचून दाखवलं, मोठ्याने, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळलं.

बाकी तू पहिल्यापासूनच भित्री भागूबाई. लहानपणी पंपाच्या आवाजाला घाबरून माझ्या पायाला मिठी मारायचीस. तरीपण जीभ खोटं बोलत नाही. ते साठवलेलं पाणी कुठल्या नळीतून नेतेस, तेवढं कळव. सहज विचारतोय.

छकुली बाटली पाहिली की तोंड फिरवते. सूनबाई म्हणते, आत्याबाईंचा लाड अंगी लागत नाही. कालपासून तिचं पोटही बिघडलंय. दात येत असतील.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद काही रेशनवर नाहीत, हवे तेवढे घे.

तुझा,
बाबा


सोमवार, ता. ९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या. हे पत्र टपालात न टाकता ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे.

छकुलीच्या बाटल्यांच्या झाकणावरची तारीख आधी पाहा. २६ असेल तर तो मी रजेवर होते तो सोमवार. एक थेंबही देऊ नका आणि तिला लगेच डॉक्टरकडे न्या.

आज पुन्हा तसंच पाणी आलं. बुळबुळ जाईपर्यंत मी अर्धा तास नळ सोडून ठेवला. ज्या पाण्यासाठी शाबासकी मिळाली तेच वाया घालवते म्हणून आज बोलणी खाल्ली. खाल्ली तर खाल्ली.

तुम्ही विचारलंत ते सांगते. जमिनीखाली एक जुनी नळी बंद पडून होती, तीच मी साफ करून घेतली. नकाशात ती कशालाच जोडलेली नाही. मी तीनदा पाहिलं. मग सोडा कढईत येतो कुठून? मी स्वतः पाठवलं ते, बाबा. माझ्या हाताने त्या पोरीला पाठवलं.

उत्तर ताबडतोब काकांच्याच हाती द्या.

भिंगरी


मंगळवार, ता. १०

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तारीख २६ आहे. मी गर चाखून पाहिला. बुळबुळीत आहे. छकुलीला दवाखान्यात ठेवलंय, सलाइन लावलंय. डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत.

आता नीट वाच. नकाशा खोटा आहे. विहीर आटली त्या वर्षी कढया बंद पडायच्या बेतात होत्या. तेव्हाचे साहेब परवानगी देईनात. मी आणि बुटक्या मिस्त्रीने टँकरचं पाणी घ्यायला जेवणाच्या सुट्टीत तीच नळी कढईखान्याच्या नळाला जोडली. आठ दिवस काम चाललं, लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. पाऊस झाला तसा व्हॉल्व्ह बंद करून वर पत्रा ठोकला. नकाशात दाखवलं असतं तर दोघांची नोकरी गेली असती. तिसऱ्या कढईमागे बघ.

अठ्ठावीस वर्षांत आतलं रबर गेलं असणार. रविवारी चांगल्या पाण्याचा दाब उतरला की सोड्याचं पाणी तिकडे शिरतं. चूक तुझी नाही. साहेबांना माझं नाव सांग, बापाला पाठीशी घालू नकोस.

बाबा


बुधवार, ता. ११

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रा उचकटला. व्हॉल्व्ह तिथेच होता. हात लावताच रबराचा भुगा झाला.

कढया बंद आहेत आणि सोमवारच्या सगळ्या बाटल्या दुकानांतून परत मागवल्या आहेत. बऱ्याच आल्या, सगळ्या नाही. कुठल्या घरी कुठलं बाळ तोंड फिरवत असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

मी तुमचं नाव सांगितलं. सांगताना रडले. साहेब रागावतील असं वाटलं होतं, पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. असे जोड आणखी किती आहेत? कढया त्यावर अडल्या आहेत.

छकुली कशी आहे? मला राग येतो तुमचा, आणि तुम्ही इथे हवे आहात असंही वाटतं.

भिंगरी


गुरुवार, ता. १२

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

छकुली घरी आली. आज माझा चष्मा ओढून हसली.

जोड तीन होते. दुसरा बाटलीखान्याच्या पायरीखाली. तिसरा बुटक्याने केला, मी नुसता कंदील धरून उभा होतो. बुटका जाऊन चार वर्षं झाली. सकाळपासून डोळे मिटून कारखाना हिंडतोय, पण कंदील दिसतो, भिंत दिसत नाही.

उद्या पहिल्या गाडीने येतो. तोवर एकही कढई पेटवू देऊ नकोस, साहेब काहीही म्हणोत. आल्यावर प्रत्येक नळाची चूळ मीच भरीन.

भिऊ नकोस, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही.

तुझा,
बाबा