बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात जाण्याआधी

ती. सासूबाई,

मूल होत नाही म्हणून उद्या आम्ही दोघं पहिल्यांदाच बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला जातोय. संध्याकाळी मी कपड्यांना इस्त्री करत होते. शाहपूरच्या केळीच्या बागांचा ओला वास घरभर पसरला होता आणि मला पाण्यावर तरंगल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात पंकज जवळ येऊन म्हणाले, "दोष तुझ्यातच आहे, असं आई म्हणते ना? उद्या पहिले माझी तपासणी होऊ दे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे कुणीच म्हटलं नव्हतं. मी इस्त्री बाजूला ठेवून खूप रडले. मग डोळे मिटले, तर मांडीवर कुणीतरी निजल्यासारखी ऊब वाटली.

हे पत्र मी पाठवणार नाही. पंकज म्हणालेत, "रिपोर्ट काहीही येवो, आईशी मीच बोलेन."

तुमची सून,
जयश्री